अक्रोड आपल्या घरात: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

धागा सुरू करताना (निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

गेल्या आषाढात ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि मग विचारलं, "काका संध्याकाळी चहाबरोबर काय खातात?" मी खरं ते सांगितलं. शेव, भडंग, कधी पापडी. पाच वाजले की फरसाणाचा स्टीलचा डबा ह्यांच्यासमोर आलाच पाहिजे, चाळीस वर्षांची सवय. डॉक्टर म्हणाले, डबा तोच ठेवा, आतला माल बदला. चार अक्रोड, थोडे फुटाणे. बस्स.

आमच्या घरात अक्रोड म्हणजे दिवाळीच्या भेटीच्या खोक्यातला एक कप्पा. काजू-बदाम संपायचे, अक्रोड शेवटपर्यंत उरायचे. त्यामुळे मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. एप्रिलमध्ये एकदम किलोभर गर आणून ओट्यावरच्या बरणीत भरला. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, हे ध्यानातच आलं नाही. पंधरा दिवसांत घासाला कडवट चव यायला लागली, घशाशी खरखर. अक्रोड असाच लागत असेल असं समजून आम्ही दोघं आठवडाभर तोंड वाकडं करून खात राहिलो. भाची आली, तिनं बरणी उघडून नुसता वास घेतला आणि म्हणाली, "मावशी, हे खवट झालेत. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतोय." सगळे टाकले. तेव्हा फार जीव हळहळला.

आता गर पाव किलोच आणते, घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये. सहा महिन्यांनी एलडीएल १२४ आला. त्यात गोळी आहे, सिद्धेश्वर तलावाभोवती सकाळचं फिरणं आहे आणि फरसाण सुटलं तेही आहे. अक्रोडाच्या नावावर सगळं जमा करायचं माझ्या मनाला पटत नाही. पण फरसाण सुटलं ते अक्रोडामुळे सुटलं, कारण हातात दुसरं काहीतरी कुरकुरीत आलं.

तुम्ही कसे खाता, कसे साठवता, कुणाला त्रास झाला का, खाण्याखेरीज कशाला वापरता, सगळं लिहा.

किराणा-सुकामेव्याचे दुकान, मधला मारुती

ताई, चांगलं केलं विचारलं. गिऱ्हाइकाला आम्ही रोज सांगतो, पण काउंटरवर गर्दीत कोण ऐकतंय.

पहिली गोष्ट, रंग बघा. गर जितका फिकट, पिवळसर, तितका माल ताजा आणि वरच्या प्रतीचा. काळपट तपकिरी झाला की एकतर जुना किंवा वाळवताना बिघडलेला. अख्खे अर्धे भाग महाग, तुकडा स्वस्त. लाडवात, चटणीत घालायचे असतील तर तुकडाच घ्या की, चवीत फरक नाही. फक्त तुकडा लवकर खवट होतो, कारण हवा जास्त लागते. म्हणून तुकडा आणला तर महिन्यात संपवायचा.

दुसरं, कवचासकट घेत असाल तर कागदी अक्रोड मागा. दोन अक्रोड मुठीत घेऊन दाबले की फुटतात. हातात घेऊन हलवा. आत गर खुळखुळ वाजला तर तो आक्रसलेला, वाळून गेलेला. हाताला जड लागला पाहिजे. काश्मीरचा नवा माल सप्टेंबरात उतरतो आणि दिवाळीच्या आसपास आपल्याकडे पोचतो. चिलीचा आणि अमेरिकेचा मालही येतो, तो दिसायला मोठा आणि एकसारखा. काश्मिरी गर आकारानं लहान-मोठा असतो, पण तेल आणि चव मला त्याचीच आवडते. हे माझं मत.

तिसरं, उन्हाळ्यात दुकानदाराला विचारा माल कुठं ठेवता. पत्र्याच्या गोदामातला नको. आम्ही मार्च ते जून थोडाथोडाच उचलतो.

माजी सैनिक, होटगी रोड

काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात माझी दोन वर्षं गेली. अक्रोडाचं झाड मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं. आपल्या चिंचेच्या झाडासारखा घेर, उंची तशीच, आणि पानं चुरगाळली की औषधी वास. तिकडे अक्रोडाला 'दून' म्हणतात.

सप्टेंबरात काढणी. गडी वर चढतात, सत्तर-ऐंशी फुटांवरसुद्धा, आणि लांब काठीनं फांद्या झोडपतात. खाली बायका-पोरं वेचतात. कमरेला दोर नाही, काही नाही. आमच्या चौकीच्या खालच्या वस्तीत एकाचा पाय फांदीवरून सटकला, कंबर मोडली. त्याला आमच्या रुग्णवाहिकेतून खाली नेला होता. त्यामुळे अक्रोड महाग का, असं कुणी म्हटलं की मला तो माणूस आठवतो.

वर हिरवी साल असते, आपल्या कच्च्या आंब्यासारखी जाड. ती सोलताना हात काळे होतात. तो डाग साबणानं, रॉकेलनं, कशानंही जात नाही, दोन-तीन आठवड्यांनी कातडी बदलते तेव्हाच जातो. त्या महिन्यात कुणाशीही हात मिळवा, बोटं काळीच. मग अक्रोड धुऊन छपरावर वाळत घालतात. अक्रोडाचं झाड तिथं परवानगीशिवाय तोडता येत नाही, कायदा आहे. त्याच्या लाकडावरचं श्रीनगरचं कोरीवकाम तर सगळ्यांना माहीत आहेच.

एका म्हाताऱ्या आजींनी आम्हाला अक्रोड, दही, पुदिना आणि हिरवी मिरची पाट्यावर वाटून चटणी दिली होती, भाताबरोबर. मी घरी आल्यावर तीच ज्वारीच्या भाकरीबरोबर करून खाल्ली. आमच्या आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "दाण्याच्या कुटाची धाकटी बहीण दिसतीय."

बँक कर्मचारी, सात रस्ता

माझा अनुभव थायरॉईडच्या गोळीचा आहे आणि तो सगळ्या बायकांनी वाचावा अशी इच्छा आहे.

माझी गोळी सकाळी उपाशीपोटी. कुणीतरी सांगितलं रात्री भिजवलेले अक्रोड सकाळी उठल्याउठल्या खा. मी दोन्ही एकत्र सुरू केलं. गोळी, पाणी, लगेच चार अक्रोड. तीन महिन्यांनी थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएचचा आकडा वाढलेला, म्हणजे गोळी पुरत नव्हती. डोस तोच, वेळ तीच, वजनही तेवढंच. डॉक्टरांनी आधी डोस वाढवायचं ठरवलं, मग सहज विचारलं की गोळीनंतर काय खाता. अक्रोड म्हटल्याबरोबर त्यांनी पेन खाली ठेवलं. सोयाबीन, अक्रोड, जास्त चोथ्याचे पदार्थ यांच्यामुळे ही गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. गोळीच्या माहितीपत्रकावर बारीक अक्षरात अक्रोडाचं नाव असतं. मी पाच वर्षं ती गोळी घेत होते आणि एकदाही ते पत्रक उलगडलं नव्हतं.

अक्रोड सोडले नाहीत. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर खाते. पुढच्या तपासणीत आकडा जागेवर आला, डोस वाढवावा लागला नाही.

आई, अक्कलकोट रोड

मला हे लिहायला जड जातंय, पण लिहिते.

मुलगा तेव्हा चार वर्षांचा. वाढदिवसाला घरी केक केला, त्यात अक्रोडाचे तुकडे. त्यानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "आई, जीभ टोचतीय." मला वाटलं नखरे करतोय. पाच मिनिटांत वरचा ओठ सुजून आला, गालावर, मानेवर लाल गांध्या. मग खोकला सुरू झाला, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. ह्यांनी त्याला उचललं आणि मोटारसायकलवर मी मागे, तो मध्ये. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उतरलं. रात्रभर तिथंच ठेवलं.

डॉक्टरांनी सांगितलं ही अक्रोडाची अॅलर्जी आहे, आणि पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं. मी रडकुंडीला येऊन विचारलं, मग शेंगदाणेसुद्धा बंद का? सोलापुरात शेंगाचटणीशिवाय पोर वाढवायचं कसं? त्यांनी तपासण्या करून घेतल्या. शेंगदाणा कडधान्याच्या घराण्यातला, अक्रोड झाडावरचा. दोन्ही वेगळे. काहींना दोन्ही चालत नाहीत, आमच्याला शेंगदाणा चालतो. तो आता नऊ वर्षांचा आहे आणि कडक भाकरी-शेंगाचटणी रोज खातो. पण बेकरीतला ब्राउनी, आइस्क्रीमवरचे तुकडे, लग्नातला हलवा, सगळीकडे आधी विचारतो. स्वतः विचारतो. "काका, यात अक्रोड आहे का?"

लहान मुलाला पहिल्यांदा देताना अगदी थोडं, बारीक करून द्या आणि लक्ष ठेवा. अख्खा तुकडा घशात अडकतो तो धोका वेगळाच.

आहारतज्ज्ञ, रेल्वे लाइन्स

वरचा अनुभव वाचून त्या ताईंना मनापासून सांगते, तुम्ही वेळ न घालवता नेलंत म्हणून निभावलं.

बाकी माझ्याकडे येणारे लोक दोन टोकांचे. एक म्हणतात अक्रोडानं चरबी वाढते. दुसरे म्हणतात अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला. दोघांशी रोज बोलावं लागतं.

सात अख्खे अक्रोड, म्हणजे चौदा अर्धे भाग, साधारण २८ ग्रॅम भरतात. त्यात सुमारे १८५ कॅलरी, १८ ग्रॅम स्निग्धांश, ४ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे दोन-अडीच पोळ्यांच्या जवळपास. जेवण, नाश्ता, फरसाण सगळं तसंच ठेवून वर अक्रोड टाकले तर वजन वाढणारच. कशाच्या जागी खाल्ले, हा खरा प्रश्न. धाग्याच्या सुरुवातीला काकूंनी जे केलं ते नेमकं तेच.

चरबी आहे हे खरं, पण बहुतेक असंपृक्त. त्यातही ओमेगा-३ गटातलं अल्फा लिनोलेनिक आम्ल त्या २८ ग्रॅममध्ये अडीच ग्रॅम मिळतं. बदाम, काजू, शेंगदाणा यांच्यात ते नावालाच असतं. शाकाहारी माणसाला म्हणून अक्रोडाचं महत्त्व. मात्र माशातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, आणि अक्रोडातल्याचं त्यात रूपांतर शरीर फार थोडं करतं. मासे खाणाऱ्यांनी अक्रोडासाठी मासे सोडू नयेत.

स्पेनमध्ये ५५ ते ८० वयाच्या सात हजारांवर लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला भूमध्य सागरी पद्धतीच्या आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिला, त्यात निम्मे, १५ ग्रॅम, अक्रोड. त्या गटात हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण सुमारे ३० टक्के कमी आढळलं. २०१३ चा हा निबंध गटवाटपातल्या चुकांमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापला, निष्कर्ष साधारण तोच राहिला. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियात सातशेवर ज्येष्ठांवर दोन वर्षं फक्त अक्रोडाचा अभ्यास झाला. एलडीएल सरासरी चारेक मिलिग्रॅमनं उतरला. म्हणजे मदत होते, पण कोलेस्टेरॉलची गोळी अक्रोडासाठी बंद करू नका. आणि त्याच अभ्यासात निरोगी ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीत एकूण ठळक फरक दिसला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला मूठभर अक्रोड खाऊ घालणाऱ्या आयांनी त्याला त्यापेक्षा झोपू द्यावं.

भिजवल्यानं कडवटपणा कमी होतो, चावायला सोपं जातं, एवढंच. वरची पातळ साल काढून टाकू नका, कडू लागते पण उपयोगी घटक तिच्यातच जास्त आहेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम, फॉस्फरसचा हिशेब असतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गृहिणी, विजापूर वेस

साल काढू नका म्हणतात ते बरोबर, पण शीरखुर्म्यात काढावीच लागते. एका ईदला मी नवीन सून, घाईत अक्रोड तसेच चिरून तुपात परतून दुधात टाकले. दूध मळकट झालं आणि शेवटी जिभेवर तुरट चव. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसती वाटी परत ठेवली. पुढच्या वर्षी त्यांनीच शिकवलं. कडकडीत पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, मग सुईनं साल उचलायची. एकेका खाचेतून साल निघते तेव्हा आतला गर हस्तिदंतासारखा पांढरा दिसतो. चार जणी बसलो तर अर्धा किलो दोन तासांत होतो, रमजानच्या शेवटच्या रात्री आमच्या अंगणात तेच काम चालतं.

सासूबाई आता नाहीत. सुया ठेवायची त्यांची डबी मी वापरते.

रोज्यात सहरीला मी दोन खजूर आणि तीन अक्रोड खाते, खजुराची बी काढून त्यात अक्रोड भरून. पोटाला दुपारपर्यंत आधार वाटतो.

विडी घरकुलमधून

आई विड्या वळते, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथले अनुभव छान आहेत, पण खरं सांगते, अक्रोड आम्हाला परवडत नाही. शेंगदाण्याच्या आठ-दहा पट भाव. आईला बीपीचा त्रास आहे, तिनं टीव्हीवर ऐकलं आणि विड्यांच्या मजुरीतून पैसे काढून पाव किलो आणले. मोजून मला देत होती, स्वतः खात नव्हती. मला ते बघवलं नाही.

कॉलेजात आहारशास्त्राच्या तासाला मॅडमना विचारलं, दुसरं काय? त्या म्हणाल्या, जवस. तोच ओमेगा-३ घटक. एक मोठा चमचा जवसाच्या पुडीत दीड ग्रॅमच्या वर निघतो. आमची आजी अक्कलकोट तालुक्यातली, तिच्याकडे जवसाची चटणी कायम असायची. आम्हीच शहरात येऊन सोडली होती. आता आई दर आठवड्याला जवस मंद भाजते, तडतड उडायला लागले की उतरवते, लसूण, जिरं, लाल तिखट घालून कुटते. अख्खे जवस तसेच पोटातून निघून जातात, म्हणून कुटायचेच. आणि बीपी आहे म्हणून मीठ हात राखून.

अक्रोड खाणाऱ्यांनी खावेत. पण माझ्या आईसारख्या बायांना वाटायला नको की महागाचं नाही म्हणून आपलं आरोग्य नाही.

त्याला उत्तर: आहारतज्ज्ञ, रेल्वे लाइन्स

बाळ, तू लिहिलंस ते माझ्या दहा पेशंटना वाचून दाखवणार आहे. एक अक्षर बदलायचं नाही.

पौरोहित्य करणारे, बाळीवेस

पूजेच्या यादीत खारीक, बदाम, अक्रोड, हळकुंड, सुपारी असतात. हे नग पूजेच्या पुड्यातून येतात आणि पुडा दुकानात किती दिवस पडून होता ते कुणाला ठाऊक नसतं. सत्यनारायण झाल्यावर यजमान म्हणतात, गुरुजी, मुलांना प्रसाद म्हणून फोडून देऊ का? मी आधी फोडून दाखवतो. बहुतेक वेळा आत काळं, कधी पांढरट बुरशी. बुरशी आलेला सुकामेवा नुसता वाईट लागत नाही, विषारी असू शकतो. तो झाडाच्या बुंध्याशी ठेवावा. खायचा असेल तर पूजेला ताजा अक्रोड वेगळा आणावा, देवालाही तोच द्यावा.

संस्कृतात याला अक्षोट म्हणतात, आणि चरकसंहितेत तो बदामाच्या पंगतीतच येतो. गुणानं जड, स्निग्ध आणि उष्ण. म्हणून आपल्या भागात वैशाखात मी खात नाही, मार्गशीर्ष ते फाल्गुन खातो. गड्ड्याची जत्रा असते तेव्हा थंडी असते, तेव्हा उत्तम पचतो.

यंत्रमाग कामगार, साखर पेठ

आमच्यात खायचं सोडा, मी वेगळाच उपयोग सांगतो. आजोबांचा सागवानी झोपाळा हाय. भाड्याची खोली बदलताना टेम्पोत घासला, पाटावर हातभर पांढरा ओरखडा. आईच्या डोळ्यात पाणीच आलं. शेजारचे सुतारमामा म्हणाले, अक्रोडाचा गर घे आणि ओरखड्यावर तिरका घास. घासला, बोटानं जिरवला, पाच मिनिटांनी फडक्यानं पुसला. ओरखडा लाकडाच्या रंगात बुडाला की वो. खोल खाच भरत नाही त्यानं, पण वरवरचा चरा लपतो. घरात काजू-अक्रोड चालत नसलेलं पोरगं असेल तर मात्र हे करू नका, वरच्या ताईंचं वाचून सुचलं.

कवचं आई कुंडीत मातीवर पसरते. उन्हाळ्यात ओल टिकती.

पुन्हा धागाकर्ती, जुळे सोलापूर

सगळं दोनदा वाचलं. थायरॉईडचं वाचून बहिणीला लगेच फोन केला, ती तेच करत होती. विडी घरकुलच्या मुलीचं वाचल्यावर जवस आणले, आता एक दिवस अक्रोड, एक दिवस जवस.

दोघातिघांनी निरोपातून चटणी विचारली, म्हणून लिहिते. शेंगाचटणीत मी निम्मे अक्रोड घालते. पाऊण वाटी शेंगदाणे खमंग भाजून, साल पाखडून. अक्रोड मात्र नुसते कोमट तव्यावर दोन मिनिटं, रंग बदलू द्यायचा नाही, नाहीतर कडू. दहा-बारा लसूण पाकळ्या सालीसकट, जिरं, मीठ, आणि आपलं लाल तिखट. उखळात आधी लसूण-मीठ-तिखट, मग दाणे. दाण्याला तेल सुटायला लागलं की शेवटी अक्रोड. तो मऊ, चार घावांत मिसळतो. जास्त कुटलं की गोळा होतो आणि तेल तळाशी उतरतं. मिक्सर वापरत असाल तर थांबत थांबत, एका दमात फिरवू नका.

नुसत्या दाण्याची चटणी बाहेर पंधरा दिवस टिकते. ही टिकत नाही. आठ दिवसांची करायची आणि फ्रीजमध्ये. ह्यांनी काल कडक भाकरी चुरून त्यावर ही चटणी आणि दही घेतलं, आणि पाच वाजता डबा मागितलाच नाही.